सासूबाईंना विचारा

फिफीने आपल्या नव्या होडीचं नाव 'सासूबाईंना विचारा' ठेवलं आणि त्या दिवसापासून त्याची सासू अराबा त्या होडीला 'लाकूड' म्हणू लागली.

अनोमाबू गावाच्या पलीकडच्या त्या कोळीवाड्यात होडीला साधं नाव ठेवणं आळशीपणाचं समजत. वाळूवर 'हळू बोला, मासे ऐकतात' उभी असे, तिला खेटून 'उद्या नक्की', आणि टोकाला 'शेजाऱ्याचं भलं होवो', जिचा मालक शेजाऱ्याशी कित्येक वर्षांत बोललेला नव्हता. पण धडधाकट चालत्याबोलत्या सासूला होडीवर चढवण्याचा, तोही पिवळ्यावर लाल अक्षरांत, पहिला मान फिफीचा.

त्याचं म्हणणं एवढंच होतं, की लग्न ठरल्यापासून तो जिथे जिथे सल्ला मागायला गेला, तिथे तिथे त्याला हेच ऐकवण्यात आलं. ओंडका कुठून आणू? सासूबाईंना विचारा. जाळं केवढं घेऊ? सासूबाईंना विचारा. "म्हटलं, लिहूनच टाकू. लोकांचा बोलायचा त्रास वाचेल."

त्रास वाचला नाही. बाजारात कुणी भावावर अडलं की तेच, पोरांचं गणित अडलं की तेच. चर्चमध्ये पाद्रीबुवांनी हात वर करून विचारलं, "देवाने हे तारे कशासाठी निर्माण केले?" आणि मागच्या बाकावरून उत्तर आलं. त्या रविवारी अराबा अर्ध्यातून उठली आणि उरलेली प्रार्थना तिने घरी येऊन मासळीच्या धुरीच्या भट्टीसमोर उरकली. भट्टीने मध्ये तोंड घातलं नाही.

होडी पहिल्यांदा पाण्यात जाते तेव्हा तिला नावाबरोबर एक जबाबही मिळतो. किनाऱ्याने नाव पुकारायचं, होडीवरच्यांनी जबाब द्यायचा. फिफीची होडी उतरली तेव्हा अराबा रागावून घरातच बसली होती. पुढे तिच्या देखत तो जबाब उच्चारायची कुणाची छाती झाली नाही. नावच असं, तर जबाब काय असेल, याचा अंदाज तिने स्वतःच बांधला होता आणि त्या अंदाजावर ती रोज नव्याने चिडत असे.

मग वाळवंटाकडून धूळ आली. दरवर्षीच येते, पण त्या सकाळी इतकी आली की हात लांब केला तर बोटं दुसऱ्या कुणाची तरी वाटत. पहाटे गेलेल्या होड्या परतीच्या वाटेवर जिथे होत्या तिथेच थबकल्या. दोन्ही बाजूंना खडक, मधे अरुंद वाट, आणि दिसत काही नाही. जवळच्या होड्यांचे जबाब येत होते. फिफीच्या होडीचा नव्हता. तो सगळ्यांपेक्षा लांब, खोल समुद्रात गेला होता. त्याचा फोन मात्र घरी खुंटीवरच्या विजारीत वाजत होता.

समुद्रावर माणसाचं नाव घेत नाहीत, समुद्र ते लक्षात ठेवतो. हाक मारायची ती होडीलाच. फिफीची बायको एफुआ गुडघाभर पाण्यात उभी राहून होडीचं नाव ओरडत होती. तिचा आवाज चिरकला, मग फुटला, मग नुसता वारा निघायला लागला.

कोळ्यांचे मुखिया नाना बोत्वे अराबाकडे आले. "अराबा, तुझा आवाज पाहिजे."

"माझा घसा बसलाय, नाना."

"सकाळी तू मीठवालीला झापत होतीस ते मी माझ्या अंथरुणात ऐकलं. माझं घर टेकडीच्या पलीकडे आहे."

अराबाने लुगडं खोचलं, पाण्यात शिरली आणि छाती भरून ओरडली, "ए लाकडाऽऽ!"

धुळीतून कुणीतरी ओरडलं, "कुठलं लाकूड, मावशी? इथे सगळी लाकडंच आहेत!"

किनारा हसला. एफुआ हसली नाही. तिने आईचा दंड धरला. "आई," ती म्हणाली.

अराबाने डोळे मिटले.

"सासूबाईंनाऽऽ विचाराऽऽ!"

कुणी हसलं नाही. हसायला जागाच उरली नव्हती. तो आवाज पाण्यावरून सरकत गेला. पहिल्यांदा 'उद्या नक्की'ने तो झेलून पुढे दिला. मग 'हळू बोला'वरचे दहा जण बेंबीच्या देठापासून ओरडले. त्यांच्यापुढे आणखी कुणी, त्यांच्याही पुढे कुणी. वर्षभर ज्या नावावर लोक खिदळले, ते नाव आता एका होडीकडून दुसऱ्या होडीकडे, न सांडता, नेलं जात होतं. पातळ होत होत ते ऐकण्याच्या पलीकडे गेलं. वाळूवर शेकडो माणसं उभी होती आणि एक तान्हं पोरदेखील रडत नव्हतं. समुद्र एवढा मोठा आहे हे अराबाला जन्मापासून माहीत होतं. आज पहिल्यांदा तिने तो ऐकला.

मग दुसऱ्या टोकाकडून काहीतरी निघालं. आधी नुसती गुणगुण, मग गळे, मग शब्द. होडीमागून होडी ते पुढे देत होती, आणि शेवटी 'उद्या नक्की'ने ते किनाऱ्यावर आणून ठेवलं:

"विचारलंऽऽ! हो म्हणाल्याऽऽ!"

"हे काय बोलतायत?" अराबाने विचारलं.

"जबाब आहे, आई. पहिल्या दिवसापासून हाच आहे." एफुआ फुटक्या आवाजात म्हणाली. ती रडत होती की हसत, ते धुळीत कळायला मार्ग नव्हता. "ते सगळे आहेत. आहेत ते."

वास्तविक फिफीने मागणी घातली तेव्हा अराबा नुसतं 'बघू' म्हणाली होती. पण दुरुस्ती सुचवायची ही वेळ नव्हती. आवाज थांबला तर वाट थांबेल. तिने पुन्हा पुकारलं, आणि पुन्हा. त्या एका हाकेच्या रेषेवरून होड्या एकामागून एक धुळीतून प्रकटल्या, वल्ही मारणारे सगळे राखेचे पुतळे. प्रत्येक होडी लागली की तिच्यावरचे खाली उतरून उभे राहत आणि समुद्राकडे बघत.

पिवळी होडी सर्वांत शेवटी आली. इंजिन बंद, सहा जण वल्ह्यांवर. फिफीने सासूला पाहिलं आणि तो पटकन वल्हं टाकून माशांच्या टोपलीमागे बसला.

होडीचं तोंड वाळूला टेकेपर्यंत हाक थांबवायची नसते. अराबाने उरलेल्या घोगऱ्या आवाजात पुन्हा नाव घेतलं. आणि हातभर अंतरावरून सहाही जणांनी, टोपलीमागच्यासकट, अगदी हळू जबाब दिला.