पुठ्ठ्याआड गुदमरलेला कॉम्प्रेसर

मित्रांनो, ज्याच्या नावाने एका घराने अख्खा उन्हाळा बोटे मोडली, तो जुना कॉम्प्रेसर मीच. गोड बोलायला मी आलेलो नाही. तुम्हा माणसांवर माझा राग आहे, आणि तो का आहे एवढेच सांगायचे आहे.

गाडीचे बॉनेट उचलले की इंजिनाला खेटून बसलेला ॲल्युमिनियमचा एक जड गोळा दिसतो, तो मी. कारखान्यात मला ओतले, घासले, दाबाखाली धरून तपासले आणि गाडीत बसवले. माझे काम सरळ आहे. इंजिनाचा पट्टा मला फिरवतो आणि मी गॅस दाबतो. दाबलेला गॅस तापतो. तो गाडीच्या तोंडाशी असलेल्या पातळ जाळीत जातो आणि तिथे वाऱ्याने निवतो. मगच तुमच्या तोंडावर गार हवा येते. जाळीला वारा मिळाला नाही, तर दाब चढत जातो आणि मला थांबावे लागते. थांबलो नाही तर फुटेन. मग आत येते ती गरम हवा, आणि शिव्या मात्र मला.

पहिला मालक बरा होता. आमच्या गाडीसारखा गारवा कुठे नाही, असे तो चारचौघांत सांगे. कडक थंडीत इंजिन लवकर तापावे म्हणून तो जाळीपुढे एक पुठ्ठा सरकवी, आणि ऊन वाढले की आठवणीने काढी. हे त्याने थोरल्या मुलाला शिकवले होते. धाकटा तेव्हा मागच्या सीटवर बसून काचेवर बोटाने चित्रे काढी. बॉनेट कसे उघडते हेही त्याला कधी कळले नाही.

मालक गेला आणि गाडीवरून भावांचे फाटले. थोरला वरच्या मजल्यावर, धाकटा आईसह खाली. शेवटी ठरले की एक आठवडा याने गाडी वापरायची, एक आठवडा त्याने. थोरल्याचे पंख्यांचे दुकान होते. ठरवाठरवी चालली असताना धाकटा बोलून गेला, "पंखे विकणाऱ्याला एसीची गाडी कशाला?" त्या दिवसापासून दोघांचे बोलणे बंद झाले.

थोरल्याने तो शब्द गिळला, पण पचवला नाही. गाडी धाकट्याकडे जायची असली की तो खाली येई, बॉनेट उचली आणि जाळीपुढे पुठ्ठा सरकवी. आपली पाळी आली की काढून घेई. धाकट्याने कंटाळून गाडी सोडावी, एवढाच त्याचा डाव होता. मी सगळे पाहत होतो. मला तोंड नाही, म्हणून तुमचे फावते.

धाकट्याच्या आठवड्यात मी दोन घटका चाले आणि बंद पडे. त्याने मला खटारा म्हटले. एका गॅरेजात त्याने गॅस भरून घेतला. तिथल्या माणसाने पुढची जाळी पाहिलीसुद्धा नाही. आधीच गुदमरलेल्याच्या तोंडात आणखी घास कोंबावा, तसे झाले. मी आता पूर्वीपेक्षा लवकर थांबू लागलो.

भाऊ बोलत ते आईच्या तोंडून. धाकटा विचारी, "आई, त्याला विचार, गाडीला काय केलंय?" थोरला जिन्यावरूनच उत्तर देई, "आई, त्याला सांग, माझ्या आठवड्यात गारेगार असते. हाताला गुण लागतो."

आईने एक गोष्ट थोरल्यापासून लपवली होती. तिला दमा जडला होता. एक आठवडा सोडून धाकटा तिला दवाखान्यात नेई. थोरल्याला कळले तर 'तुझ्याच घरात आजारी पडली' म्हणून नवे भांडण उभे राहील, या धास्तीने तिने धाकट्याला गप्प बसवले होते.

त्या दुपारी दवाखान्याचा रस्ता खणलेला होता. धूळ अशी की पुढची गाडी दिसेना. काच उघडली तर धूळ छातीत जाणार, बंद ठेवली तर आत भट्टी. मी जिवाच्या आकांताने फिरलो आणि दाब चढून थांबलो. मागे आईचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. धाकट्याने काच उघडली, आई खोकून वाकली, त्याने काच परत लावली. मग रस्त्याकडेचे पहिले गॅरेज दिसताच गाडी सरळ आत घातली.

तिथल्या मिस्त्रीने आधी आईला आपल्या खोलीत गारव्याला बसवले, तिच्या पिशवीतला दम्याचा फवारा तिच्या हातात दिला. तिचा श्वास परतल्यावरच त्याने बॉनेट उचलले, हात आत घातला आणि पुठ्ठा ओढून काढला. त्यावर छताच्या पंख्याचे चित्र होते.

धाकट्याने चित्र ओळखले आणि रागाने फोन काढला. आईने तो त्याच्या हातातून घेतला. थोरल्याला ती म्हणाली, "दुकान बंद कर आणि ये. तुझा पुठ्ठा सापडलाय."

तो आला. पुठ्ठा पाहून आधी हसण्याच्या बेतात होता. मग त्याला दारात आई दिसली, हातात फवारा.

"मागे मी बसते रे," ती म्हणाली.

"मला काय माहीत, तुला..."

"कधी विचारलंस?" मग ती धाकट्याकडे वळली. "आणि तू जास्त ताठू नकोस. बापाची गाडी पाहिजे, पण तिचं झाकण उघडायला नको."

मिस्त्रीने जादा गॅस काढला, मला सुरू केले. आतून बर्फासारखी हवा आली. धाकट्याने आईसाठी मागचे दार उघडून धरले.

"झाली ना गार? बसा आता दोघं तिच्यात," आई म्हणाली, आणि मिस्त्रीच्या गाडीत बसून दवाखान्यात गेली.

दोघे माझ्या गाडीत बसले, एक पुढे, एक मागे. मी पूर्ण जोरात गार हवा सोडत होतो. तरी थोरला घामाने भिजला होता.

मित्रांनो, माझी क्षमा कोणी मागितली नाही, आणि मला ती नको आहे. सांगणे एवढेच की यंत्र थांबले तर त्याला शिव्या देण्याआधी त्याच्या नाकासमोर काय ठेवले आहे ते पाहा. जाळी धुवा, वाट मोकळी ठेवा. आणि कोणाशी वैर असेल तर ते समोर उभे राहून करा. बॉनेटखाली लपवू नका. आत कोण बसले आहे, हे आम्हाला सांगता येत नाही आणि तुम्ही पाहत नाही.

आई अजून या गाडीत पाय ठेवत नाही.