हसऱ्या तोंडाचा शिक्का

लिहिलं: आज छान रमली. डबा संपवला. दुपारी शांत झोपली.
शिक्का: हसरं तोंड.

घडलं: रमली नाही. डब्यातले दोन घास खाल्ले, तेही बाईंनी भरवले म्हणून. दुपारी चटईवर पडून तासभर पंख्याकडे बघत राहिली.

आणि हे लिहिलं कधी? सकाळी अकराला. डबा साडेबाराला असतो, झोप दीडला.

बाईंची बाजू आधी ऐकून घेऊ. मुलं तेवीस. प्रत्येकाच्या दप्तरात एक निळी वही, तिला सगळे घरची वही म्हणायचे. मूल काय जेवलं, झोपलं का, हसलं की रडलं, हे रोज त्यात लिहून पाठवायचं. सुटायच्या वेळी तेवीस जणांचे बूट चढवायचे, नाकं पुसायची, कुणाची टोपी कुणाच्या डोक्यावर गेलीय ते निस्तरायचं. तेव्हा लिहायला हात रिकामा कुठला? म्हणून अकरा वाजता, मुलं रंग घेऊन बसली की, बाई वह्या पसरायच्या आणि ठाप ठाप शिक्के मारत सुटायच्या.

शाळेत झाडलोट करणारी मावशी फडकं पिळता पिळता म्हणायची, "बाई, तुम्ही भविष्य सांगायला बसा. पोरांनी डबा उघडायच्या आत तुम्हाला कळतं कोण जेवलं ते."

"मावशी, तुम्ही फरशी पुसा."

"पुसतेय की. मला पुसल्यावरच पुसली म्हणता येतं."

बाई हसायच्या. तेव्हा हसता यायचं.

*

मुंगी साडेतीन वर्षांची. कायम भिंतीला खेटून चालायची, म्हणून मावशीनं हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. बाप दूर कुठं कामाला होता, दोन-तीन महिन्यांनी यायचा. आई दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त काढायची. नऊच्या ठोक्याला तिला कामावर उभं राहावं लागे, म्हणून मुंगी सगळ्यांच्या आधी, पावणेनऊला हजर.

आई वळली की मुंगी रडायची. आधी मोठ्यानं, मग बुटांच्या मांडणीखाली बसून, आईचा रुमाल मुठीत धरून, आवाज न करता. बाईंनी तिला कधी दटावलं नाही, हे खरंच सांगायला हवं. त्या खाली बसायच्या, मांडीवर घ्यायच्या, पाठ चोळायच्या, उरलेल्या बावीस जणांचा गोंधळ एका डोळ्यानं सांभाळत. दहा वाजायचे, कधी साडेदहा.

मग अकराला शिक्का. हसरं तोंड.

कारण फाटकाशी आई असायची. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "रडली का हो?" विचारताना तिचे खांदे कानांपर्यंत चढलेले. हो म्हटलं असतं तर ती तिथंच मटकन खाली बसली असती, असं बाईंना वाटलं. त्या म्हणाल्या, "पाच मिनिटं. मग विसरलीसुद्धा." आणि ते खांदे हळूहळू खाली आले.

बाईंना ते बघायची चटक लागली म्हणा ना. चौदा वर्षांच्या नोकरीत एवढ्या कमी कष्टात एवढं चांगलं काम त्यांनी दुसरं केलं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यापासून पाच मिनिटंही गेली. छान रमली. छान रमली. खूपच छान रमली.

*

सहाव्या आठवड्यात, सोमवारी, मुंगी रडली नाही.

आई वळली. मुंगीनं बूट काढले, मांडणीत ठेवले आणि जाऊन चटईवर बसली.

मावशी म्हणाली, "घ्या. शेवटी वही खरी ठरली."

बाईंनी त्या दिवशी शिक्का जरा जोरातच मारला. शाई पलीकडच्या पानावर उमटली.

मंगळवारी मुंगीनं चटई ओली केली आणि कुणाला सांगितलं नाही. ओल्यातच बसून राहिली. बुधवारी तिच्या बाहीची कड चावून चावून लोंबायला लागली होती. गुरुवारी दहाच्या सुमारास ती अंगणातल्या पायरीवरून पडली. गुडघा चांगला सोलला, रक्त मोज्यापर्यंत ओघळलं. बाई धावल्या.

मुंगीनं वर बघितलं आणि तोंड केलं. ओठ दोन्हीकडे ताणले, डोळे मोठे, गाल वर. तसंच धरून ठेवलं.

हे तोंड आपण कुठं तरी बघितलंय, असं बाईंना वाटलं. मग आठवलं. तेच तोंड त्या रोज अकराला तेवीस वेळा उमटवत होत्या.

"लागलं ना गं?"

"नाही."

"रक्त आलंय, राणी. दुखत असेल. रडलं तरी चालतं."

"मी नाही रडत. रडले म्हणायचं नसतं."

"असं कोण म्हणालं?"

मुंगीनं तोंड तसंच ठेवून सांगितलं. तिला सगळं नीट माहीत होतं. "मी आईला म्हटलं, मी रडले. आई म्हणाली, वहीत हसलंय. बाई खोटं लिहीत नाहीत. खोटं तू बोलतेस. मग मी म्हटलं, चुकले."

बाईंनी गुडघा धुतला, औषध लावलं, पट्टी बांधली. पट्टी दोनदा सुटली. मुंगीनं तिसऱ्यांदा स्वतःच बोट ठेवून धरली, त्यांना मदत म्हणून.

*

मोठ्या बाईंच्या खोलीत:

"आता रडत नाही ना?"

"नाही."

"मग झालं तर. आता कशाला उकरून काढता? उद्यापासून खरं लिहा हवं तर. मागचं मागे."

"पण ती घरी खोटारडी ठरलीय. माझ्यामुळे."

"साडेतीन वर्षांची आहे हो. विसरेल."

बाईंनाही तसंच वाटून घ्यायचं होतं. फार मनापासून वाटून घ्यायचं होतं.

*

लिहिलं:

(काही नाही. पान कोरं.)

घडलं: फाटकाशी आईनं वही चाळली. "आज काही लिहिलं नाहीत?"

बाई सांगणार होत्या. वाक्य जुळवून आल्या होत्या, पहिला शब्द ओठांवर होता. तेवढ्यात आई म्हणाली, "नाही, राहिलं तर राहू द्या. तुमचे उपकारच आहेत. तुम्ही नसता तर माझी नोकरी पहिल्या आठवड्यातच सुटली असती. कामावर असते, पण डोक्यात घोर नाही." तिचे खांदे जागच्या जागी होते.

"विसरले लिहायला," बाई म्हणाल्या. "पायरीवरून पडली जरा. गुडघ्याला लागलंय."

आई वाकली. "रडलीस?"

मुंगीनं बाईंकडे बघितलं. आधी बाईंकडे, मग आईकडे.

"नाही."

"वाघीण माझी," आई म्हणाली.

त्या रात्री बाईंनी दोनच घास खाल्ले. आणि ताट बाजूला सारताना त्यांना वाटलं, माझं कुणी लिहिलं असतं तर लिहिलं असतं, ताट संपवलं.

*

शुक्रवारी सुटताना बाईंनी आईला आत बोलावलं. बसायला होत्या त्या मुलांच्या खुर्च्या, वीतभर उंचीच्या. दोघी गुडघे हनुवटीशी घेऊन बसल्या. मुंगी पलीकडे बूट घालत होती.

बाईंनी सगळं सांगितलं. मध्ये थांबल्या नाहीत, कारण थांबलो तर कुठलं तरी गोड वाक्य तोंडात येईल याची त्यांना भीती वाटत होती.

आई बराच वेळ वहीची पानं उलटत राहिली. तोंडं. तोंडं. तोंडं.

"म्हणजे ती खरं सांगत होती."

"हो."

"रोज?"

"रोज. तासभर, कधी जास्त."

"एकदा मी तिला खाऊ दिला नाही," आई म्हणाली. "खोटं बोलले असं कबूल करेपर्यंत. शेवटी केलं तिनं कबूल." तिनं वही मिटली. "मला वाटलं, आपण बाहेर असतो दिवसभर, खोटं बोलायची सवय आत्ताच मोडायला हवी."

"मला वाटलं, तुम्हाला कामावर शांत..."

"बाई, मी दिवसभर लोकांना सुया टोचते. लहान पोरांनाही. दुखणार नाही असं मी आजवर एकाला म्हटलेलं नाही. दुखेल म्हणते, माझा हात धर म्हणते." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. "माझ्या जिवाला घोर लागला असता, तर तो माझा होता. तो काढून तुम्ही तिच्या अंगावर टाकलात."

बाईंनी बूट घालणाऱ्या मुंगीकडे बघितलं.

"तिला सांगा आता. मी सांगून उपयोग नाही, मी तिच्यावर विश्वास ठेवला नव्हता. तुम्ही सांगा. मी इथंच आहे."

बाई मुंगीपुढं खाली बसल्या. चौदा वर्षांत मुलांशी बोलायची वाक्यं त्यांना कधी शोधावी लागली नव्हती.

"तू रडत होतीस. रोज. मी बघत होते. आणि वहीत मी खोटं लिहिलं. तू खरं बोलत होतीस."

मुंगीनं बुटाचा पट्टा ओढला. विचार केला.

"मग तुम्ही चुकले म्हणा."

"चुकले."

"आईनं पण."

आईनं तोंड फिरवलं, मग पुन्हा वळवलं. "चुकले गं मी."

मुंगीनं मान हलवली. बूट उलट्या पायांत गेले होते. ते तिला कुणी सांगितलं नाही. मायलेकी तशाच फाटकाबाहेर पडल्या. सोमवारी येऊ की नाही, हे आई बोलली नाही आणि ते विचारायचं तोंड बाईंना नव्हतं.

बाकीच्या बावीस वह्या बाईंनी त्या दिवशी घरी पाठवल्या नव्हत्या, कपाटातच होत्या. बाईंनी एक उघडली, दुसरी उघडली. यातलं कुठलं हसू खरं होतं, हे त्यांना स्वतःलाच सांगता येईना.

*

सोमवार, पावणेनऊ. आल्या.

आई वळली आणि मुंगीनं टाहो फोडला. पहिल्या आठवड्यातही असं रडली नव्हती. मावशीनं बादली खाली ठेवली. फाटकाबाहेर आई थांबली, तिचे खांदे कानांपर्यंत चढले आणि तसेच घेऊन ती चालायला लागली.

बाईंनी मुंगीला मांडीवर घेतलं. तिनं ढकललं. पुन्हा घेतलं. यावेळी ढकललं नाही, पण टेकलीही नाही.

"लिहा," हुंदक्याच्या मध्ये ती म्हणाली.

"हो, लिहिते, नंतर..."

"आत्ता लिहा."

मावशीनं दप्तरातून वही काढून दिली. बाईंनी एका हातानं पान उघडलं आणि ऐकू जाईल असं म्हणत लिहायला लागल्या, "आज थोडी..."

"थोडी नाही."

बाईंनी थोडी खोडलं.

लिहिलं: आज रडली. पावणेनऊपासून

पुढची वेळ लिहायला बाई पेन धरून बसून राहिल्या. मुंगी अजून रडत होती.