बंद करताना येणारी लाल चौकट

आमच्या ऑफिसात दर शुक्रवारी केक कापतात. वाढदिवसाचा नाही. भिंतीवरच्या फळ्यावर तक्रारींचा आकडा शून्य झाला की कापतात, आणि तो शून्य व्हावा म्हणून माणसं काय काय करतात ते बघितल्यापासून तो केक माझ्या घशाखाली उतरत नाही.

आम्ही रक्त तपासणाऱ्या लॅबसाठी प्रोग्रॅम बनवतो. पेशंटचं नाव, नमुना, निकाल, सगळं त्यात भरायचं. तो दोन्ही प्रकारच्या कॉम्प्युटरवर चालतो अशी आमची जाहिरात आहे. म्हणजे आमच्या टेबलांवर असतात तसल्या चकचकीत महागड्या मशिनवर, आणि लॅबमध्ये असतात तसल्या जुन्या काळ्या डब्यांवरही. तपासून बघतो मात्र फक्त चकचकीतवर. जुना डबा ऑफिसात एकच आहे, त्यावर कुणीतरी कुंडी ठेवलीय.

जुन्या मशिनवर प्रोग्रॅम बंद केला की एक लाल चौकट यायची, ‘बंद करताना त्रुटी आली’. लॅबवाले तक्रार करकरून कंटाळले होते. आमच्या टीम लीडला आम्ही पाठीमागे झाकण म्हणतो, कारण हा बाबा काही दुरुस्त करत नाही, नुसतं झाकतो. त्याने एका दुपारी त्या चौकटीचा बंदोबस्त केला. बंद करताना कसलीही त्रुटी आली तर गुपचूप गिळून टाकायची, असं प्रोग्रॅमला सांगून मोकळा झाला. त्रुटी मुळात का येते ते बघायला कोण जातंय. चौकट गेली, तक्रारी थांबल्या, फळ्यावर शून्य आलं. सगळ्यांनी बोटं चाटत केक खाल्ला.

माझी वहिनी आमचाच प्रोग्रॅम वापरणाऱ्या एका लॅबमध्ये संध्याकाळच्या पाळीला होती. शेवटच्या पेशंटचं रक्त तपासायचं, नोंद भरायची, मशिन बंद करायचं, कुलूप लावायचं. एके दिवशी ती घरी आली ती तोंड एवढंसं करून. शेवटच्या पेशंटच्या नोंदी सकाळी सापडत नव्हत्या. लोकांना परत बोलावून परत सुया टोचाव्या लागत होत्या. लॅबच्या इन्चार्जने सगळ्यांसमोर सांगितलं होतं की हिला घरी पळायची घाई असते, ही नोंद भरतच नाही. पुन्हा झालं तर काढून टाकणार.

“मी भरते गं,” ती म्हणाली. “आता मलाच वाटायला लागलंय की मी विसरत असेन. डोकं फिरायची वेळ आलीय.”

घरात दादाचं काम आधीच सुटलेलं. घर चालत होतं ते वहिनीवर आणि माझ्यावर. पण मला जास्त लागलं ते दुसरंच. ही बाई गॅस बंद केलाय का ते दारातून परत येऊन बघते, आणि तिला स्वतःच्याच हातांवर विश्वास राहिला नव्हता.

“आधी कधी असं झालं होतं?” मी विचारलं.

“आधी ती लाल चौकट यायची ना. ती आली की मी परत उघडून बघायची. शेवटची नोंद नसली की परत भरायची. आता चौकट येत नाही, मला वाटलं सुधारलं.”

सुधारलं नव्हतं, झाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी कुंडी उचलून खाली ठेवली, धूळ पुसली आणि तो डबा चालू केला. जेवणाच्या सुट्टीच्या आत सगळं समोर आलं. आमचा प्रोग्रॅम पुढची नोंद उघडली की आधीची जपून ठेवतो. दिवसाच्या शेवटच्या नोंदीला पुढची नसते, म्हणून ती प्रोग्रॅम बंद होताना जपली जाते. चकचकीत मशिनवर पडद्यावरची खिडकी मिटली तरी प्रोग्रॅम मागे जिवंत असतो, त्यामुळे काम पुरं होतं. जुन्या मशिनवर खिडकी मिटली की प्रोग्रॅमही जातो आणि नोंद अर्ध्यातच मरते. लाल चौकट तेवढंच ओरडून सांगत होती, आणि झाकणाने तिचंच तोंड दाबलं होतं.

मी त्याला ओढत आणून दाखवलं.

“पण एरर येतेय का?” त्याने विचारलं.

“नोंद जातेय.”

“एरर येत नाही ना? मग तक्रार कुठाय? तू उगाच फळ्यावर एक आकडा चढवतेयस. पुढच्या महिन्यात बघू.” मग त्याने कुंडी उचलून परत जागेवर ठेवली. मला त्याची शिसारी आली, त्याच्या त्या स्वच्छ नखांसकट.

पुढचा महिना यायच्या आत वहिनीला काढलं.

मग मी कुणाला न विचारता दुरुस्ती केली. आधी नोंद जपायची, मग खिडकी मिटायची, एवढीच. झाकणाने ती जाऊ दिली, एका अटीवर. गिऱ्हाइकांना कळवताना लिहायचं, ‘किरकोळ सुधारणा’.

वहिनी तिचं राहिलेलं सामान आणायला लॅबमध्ये गेली तेव्हा तिच्या जागी नवी मुलगी बसली होती. इन्चार्ज वहिनीला ऐकवत म्हणाला, “बघा, माणूस बदललं आणि गोंधळ थांबला. हिची एकही नोंद चुकत नाही.” वहिनीने घरी येऊन पिशवी ठेवली आणि हेच वाक्य दादाला जसंच्या तसं सांगितलं, रडली नाही. किरकोळ सुधारणा म्हणे. मला स्वतःच्या ऑफिसची ओकारी आली.

नवी आवृत्ती बाहेर सोडायचं काम माझ्याकडे होतं, कारण ते कुणालाच नको असायचं. शुक्रवारी बाकीचे केकभोवती जमले असताना मी अजून एक आवृत्ती सोडली. तिच्यात एक चौकट होती, प्रोग्रॅम उघडला की येणारी, रोज. सोमवारी त्यांनी माझ्याकडून मशिन आणि आवृत्त्या सोडायचं काम काढून घेतलं. “गिऱ्हाइकाला असं कुणी सांगतं का?” झाकण विचारत होता. नवी आवृत्ती कशी सोडतात ते त्याला येत नाही. शिकेल तेव्हा ती चौकट काढेल.

त्या आठवड्यात आम्ही दोघी स्वयंपाकघरात मटार सोलत बसलो होतो. वहिनीचा फोन वाजला. इन्चार्ज होता. तिने फोन स्पीकरवर टाकला.

“अहो, जरा मदत हवी होती. तुमच्या नणंदेचा तो प्रोग्रॅम उघडला की कसलीशी चौकट येते. ओके दाबलं की जाते, दुसऱ्या दिवशी परत हजर. कायमची घालवायची कशी?”

“काय लिहिलंय तिच्यात?”

“कोण वाचतंय. असेल काहीतरी कंपनीचं.”

“मोठ्याने वाचा, मग सांगते.”

तो घाईघाईत वाचायला लागला. “‘आधीच्या आवृत्तीत दिवसाची शेवटची नोंद आमच्या चुकीमुळे पुसली जात होती. नोंद भरणाऱ्या व्यक्तीची यात...’” त्याचा आवाज बारीक झाला. “‘...यात काहीही चूक नव्हती.’”

मागे लॅबमधलं यंत्र घरघरत होतं. वहिनीने हातातली शेंग सोलून दाणे भांड्यात टाकले.

“शेवटचं वाक्य नीट ऐकू आलं नाही,” ती म्हणाली. “परत वाचा.”

त्याने परत वाचलं.