आषाढातली कात्री

मी एक जुनी छाटणीची कात्री आहे, मित्रांनो. माळी मला सिकेटर म्हणतात. माझ्या दोन दांड्यांच्या मध्ये एक स्प्रिंग आहे आणि तीच माझा स्वभाव आहे. मला मिटवून कडी लावली, तरी ती आतून ढकलतच राहते. पाटा, उंबरा, कुंडी अशा निवांत पडून राहणाऱ्या वस्तू जगात पुष्कळ आहेत. मी त्यांतली नव्हे.

माझा जन्म कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका लहान कारखान्यात झाला. पोलाद तापलं, ठोकलं गेलं, घासलं गेलं आणि माझी पाती तयार झाली. पुढे एका कृषी प्रदर्शनात प्रभावतीअक्कांनी मला उचललं. त्यांच्या दुसऱ्या हातात नासपतीचं कलम होतं. नासपती हे थंड मुलखातलं झाड, पण ही जात कमी थंडीतही फळते, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. ते कलम आणि मी एकाच पिशवीतून घरी आलो. कलम अंगणाच्या कोपऱ्यात लागलं. मी मोरीजवळच्या खिळ्याला लटकले. तिथून मला सगळं अंगण दिसतं.

अक्कांचं घर जैन. त्यांचा एक नेम आहे. चातुर्मासात हिरव्याला कात्री लावायची नाही. म्हणून दरवर्षी आषाढात, नेम सुरू होण्याआधी, जोतीराम माळी येई आणि अंगणातली सगळी झाडं सरसकट गोल कातरून टाकी. "अक्का, आता चार म्हैनं बघायला नको," असं म्हणत तो मला पुसून खिळ्याला अडकवी. त्या गोल कातरण्यातून नासपतीही सुटत नसे.

झाड वाढलं, पण फळ येईना. अक्कांचा अनेकांत नावाचा मुलगा चिडवायचा, "आई, तुझी नासपती हाय की नुसती सावली?" पाहुणे हसत. अक्का म्हणत, "येईल की. झाडाला घाई नसते."

नासपती का फळत नाही, ते मला ठाऊक होतं. तिच्या फळाच्या कळ्या जुन्या फांद्यांवरच्या बोटभर, जाडसर काड्यांवर धरतात आणि पुढच्या वर्षीची तयारी ऐन पावसाळ्यात होते. नेमक्या त्याच काड्या आषाढात पायाखाली पडायच्या. पण कात्रीला पाती दोन असतात, जीभ एकही नसते. मी खिळ्यावर नुसती तडफडत असे.

मग सून म्हणून आदिती घरात आली. तिला नीटनेटकं आवडतं. तिने वाटेच्या कडेने बॉक्सवुडच्या झुडपांची रांग लावली. मित्रांनो, मी बॉक्सवुडची निंदा करणार नाही. त्याची पानं बारीक, चकचकीत आणि बारमाही हिरवी. ते सावकाश वाढतं, कसंही कातरा, तक्रार करत नाही. ते कातरताना मला कुरकुरीत पापड मोडल्यासारखं वाटतं. नासपतीची फांदी कापणं मात्र वेगळं. तिथे एकदाच, घट्ट, टक्क. बॉक्सवुडला मी वरचेवर लागते. नासपतीला हिवाळ्यात, पानं गळाल्यावर एकदा लागले तरी पुरे.

रांग कोपऱ्यापर्यंत आली आणि नासपतीपाशी अडली. मागच्या आषाढात आदिती सासूला म्हणाली, "आत्ती, हे झाड काढलं तर रांग पुरी होईल. इतकी वर्षं नुसता पानांचा कचराच झाडतोय."

अक्कांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "चातुर्मास संपू दे. मग काढा. मी काय म्हणणार न्हाय." एवढं बोलून त्या आत गेल्या. त्यांचा चहा बाहेर निवत राहिला.

त्या दिवशी जोतीरामने बॉक्सवुड कातरलं आणि तो नासपतीकडे वळला. आदिती म्हणाली, "तिला राहू दे. कार्तिकात जायचीच आहे."

जोतीरामने कडी लावली. कलम लागल्यापासून पहिल्यांदाच नासपती आषाढात माझ्या पात्यांत सापडली नव्हती!

ते चार महिने मला फार जड गेले. पाऊस थांबेना. माझ्या पात्यांवर तांबूस गंज चढला. बॉक्सवुडचे गोळे विस्कटले आणि झोपेतून उठल्यासारखे दिसू लागले. आदितीचे हात शिवशिवत. "आत्ती, एवढं एक टोक तरी?" "नेम हाय." नळाजवळच्या सखल जागी पाणी साचलं. बॉक्सवुडला ओले पाय सोसत नाहीत. तिथली दोन झुडपं पिवळी पडली. कोपऱ्यात नासपतीची पानं गळत होती आणि आखूड काड्यांची टोकं फुगत होती. मी ती पाहत होते. माझी स्प्रिंग ढकलत होती, कडी सुटत नव्हती.

कार्तिकी पौर्णिमा झाली. जोतीराम करवत घेऊन आला. "आधी बारक्या फांद्या काढतो, मग बुडखा."

"थांब, मी सुरुवात करते," आदिती म्हणाली. तिने मला खिळ्यावरून काढलं. गंजामुळे मी करकरत उघडले. तिने एक काडी कापली. कापता कापता तिची नजर टोकावर गेली. तिने तो फुगीर डोळा नखाने उकलला. आत पांढरं होतं.

"जोतीराम, ही कळी आहे का?"

"असंल की. इझताना दिवा मोठा हुतोय, वैनी. धरू का करवत?"

"नको." तिने आणखी एक डहाळी कापली आणि पाण्याच्या पेल्यात घालून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. "फुललं तर झाड राहील. नाही फुललं, तर तू आहेसच."

करवत झाडाला टेकवून ठेवली गेली. मी ओट्याच्या कोपऱ्यावर विसरली गेले, म्हणून पुढचं सगळं मला दिसलं. अक्का त्या खिडकीकडे बघत नसत. पाणी प्यायलासुद्धा त्या पाठमोऱ्या उभ्या राहत. आदिती मात्र येता-जाता पेल्यात डोकावे. कळी फुगायची, पण उघडायची नाही. मला वाटे, कुणीतरी माझी कडी काढावी आणि मी निदान आवाज तरी करावा.

एका सकाळी आदितीने काही न बोलता तो पेला अक्कांच्या चहाशेजारी आणून ठेवला. डहाळीवर पाच पाकळ्यांची पांढरी फुलं होती.

"कुठलं गं हे फूल?"

"तुमच्याच झाडाचं."

अक्कांनी पेला फिरवून फिरवून पाहिला. "मग ती करवत घेऊन जायला सांग जोतीरामला." आणि थोड्या वेळाने, "फुलणारी डहाळी कापलीस म्हणजे एक फळ खाल्लंस की माझं."

"पुढच्या वर्षी भरून देते, आत्ती," आदिती हसली.

माघात झाड फुललं. नळाजवळची ती दोन बॉक्सवुड कुंड्यांत गेली आणि तिथे पुन्हा हिरवी झाली. यंदाच्या आषाढात नासपतीवर टणक, ठिपकेदार फळं लोंबत होती. जोतीराम आला, बॉक्सवुड छान गोल केलं आणि सवयीने मला घेऊन नासपतीपाशी गेला. माझी पाती एका आखूड काडीवर उघडली. काडीला फळ होतं.

"जोतीराम!" आदिती ओरडली. "दरवर्षी हेच कापायचास का?"

"व्हय की वैनी. चार म्हैनं कात्री न्हाय म्हटल्यावर..." तो फळाकडे बघत थांबला.

अक्का पायरीवर बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे न कापायचा नेम पाळायला आम्ही आधीच सगळं कापून ठेवत हुतो."

जोतीरामने माझी पाती त्या काडीवरून मागे घेतली.

मित्रांनो, वापर झाल्यावर मला पुसा, स्प्रिंगवर तेलाचा थेंब सोडा. मला उघडण्याआधी समोरचं झाड ओळखा. बॉक्सवुडला द्यायचा आकार नासपतीला देऊ नका. माझी स्प्रिंग कधी थांबायची नाही, ती तुमच्या हाताची वाट बघत ढकलतच राहणार. म्हणून पावसाळ्यात नासपतीजवळून जाताना, कृपा करून, माझी कडी लावून जा.