डावीकडे जरा कमी

मी एक डबी बोलतेय. खरं तर मी बोलायचं नव्हतं. "कुणाला सांगायचं नाही हं," असं मला बजावलंय, तेही झाकण उघडून, अगदी तोंडाजवळ धरून. पण माझं पोट ते केवढं? मी तळहातावर मावते. त्यात एक बॅटरी, सर्किटची एक छोटी पट्टी आणि चार वायरी बसल्यावर गुपिताला जागाच उरलेली नाही.

माझा जन्म झाला खोकल्याच्या गोळ्यांसाठी. या घरातले बाबा छापखान्यात कामाला; तिथल्या कागदाच्या धुळीनं त्यांचा घसा धरायचा, म्हणून मी त्यांच्या शर्टाच्या खिशात असायचे. गोळ्या संपल्या, तेव्हा माझ्यात स्क्रू आले. स्क्रूही संपले, मग मी फळीवर मागे सरकत गेले आणि कडेला थोडी गंजले. कुणी विचारत नाही म्हणून मला वाईट वाटायचं. आता वाटतं, ते दिवस बरे होते. तेव्हा माझ्यामुळे कुणाचं नुकसान होत नव्हतं.

फळीवरून मला खाली काढलं ते बोलकीनं. बोलकी म्हणजे या घरातली मुलगी, नववीतली. ती बोलत नाही म्हणून तिचं नाव बोलकी. पाहुणे आले की पाण्याचे ग्लास ठेवते आणि अशी नाहीशी होते की पाहुण्यांना वाटावं, ग्लास आपले आपणच आले.

तिच्याकडे आईचा जुना फोन होता. काच तडकलेली, कार्ड काढलेलं, आत फक्त गाणी. आणि मैत्रिणीच्या भावानं टाकून दिलेला एक मोठा हेडफोन होता, अख्खा कान झाकणारा. पण दोघांचं जमेना. फोन अशक्त आणि हेडफोन खादाड. गाणं यायचं ते पांघरुणाखालून आल्यासारखं. मग तिनं कुठेकुठे वाचून काढलं की या दोघांच्या मध्ये आवाजाला बळ देणारा एक छोटा अॅम्प्लिफायर हवा, आणि त्याला पत्र्याचं घर हवं. ते घर मी.

माझ्या अंगाला भोकं बाबांनी पाडून दिली. "दुखलं का गं हिला?" त्यांनी विचारलं. "बाबा, डबी आहे ती," बोलकी म्हणाली. "मग काय झालं? माझ्या खिशात वाढलीय."

बोलकीनं तापलेल्या कथलानं वायरी सोल्डर करताना दोनदा बोट भाजून घेतलं आणि आईला कळू नये म्हणून बोट ग्लासातल्या पाण्यात बुडवून अभ्यासाला बसली. शेवटी फोन माझ्या पाठीवर ठेवून वर दोन रबरबँड चढवले, हेडफोन लावला. गाणं सुरू होण्याआधी गाणारीनं घेतलेला श्वास तिला ऐकू आला. ती हसली. एवढी मोठी हसली की मला आतून ऊब आली, आणि ती काही बॅटरीची नव्हती.

अर्थात मग बाबांना ऐकवायचं ठरलं.

बाबांच्या कानाबद्दल सांगायला हवं. छापखान्यातलं यंत्र कुरकुरायला लागलं की ते लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राच्या अंगाला लावतात आणि मूठ कानाला टेकवतात. उजव्या हातात टॉर्च असतो, म्हणून कान नेहमी डावा. आत कुठलं बेअरिंग झिजलंय ते त्यांना असं ऐकून कळतं. घरात पंखा, मिक्सर, नळ, सगळ्यांचा शेवटचा निकाल बाबांचाच. त्यामुळे हेडफोन लावून, डोळे मिटून ते म्हणाले, "झकास गं. फक्त डावीकडे जरा कमी येतंय," तेव्हा बोलकीला शंका आली ती माझी. त्यांच्या कानाची नाही.

मला माहीत होतं, मी दोन्हीकडे सारखंच देत होते. पण डबीनं सांगायचं कसं?

तिनं माझी वायर बदलली. "अजून कमीच." आवाजाचं बटण बदललं. "डावीकडे कमीच आहे बघ." सगळे जोड उकरून पुन्हा सोल्डर केले. बाबा मन लावून ऐकायचे आणि मान तिरकी करायचे. बोलकी स्वतः ऐकायची तेव्हा तिला दोन्हीकडे सारखं वाटायचं, पण तिनं ते बोलून दाखवलं नाही. बाबांना कमी वाटतंय म्हणजे आपलाच कान कच्चा, असं ती धरून चालली.

मग तिनं असं काही केलं, जे बाबांवर एवढा विश्वास असलेली मुलगीच करील. माझ्या डाव्या बाजूचा एक रेझिस्टर, म्हणजे वीज अडवणारा इवलासा तुकडा, काढला आणि दुसरा लावला, त्या बाजूचा आवाज मुद्दाम वाढवणारा.

"आता कसं," बाबा म्हणाले. "आता समोर बसून गातेय."

त्या दिवसापासून मी वाकडं बोलायला लागले. आणि त्या दिवसापासून मी बाबांची लाडकी झाले. कामावरून आले, हातांची शाई धुतली की पहिली हाक माझ्यासाठी.

एकदा आईनं सहज हेडफोन लावला. "काय गं, ही बाई डावीकडच्या खुर्चीत बसून गातेय का? उजवीकडे कुणी नाहीच." बाबा हसले. "तुझे कान तपासून घे एकदा." आईही हसली. बोलकी हसली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मी माझं पत्र्याचं तोंड घट्ट मिटून घेतलं.

खरं कळलं ते पुढच्या आठवड्यात. हेडफोनच्या उजव्या कपाला तिनं ओळखीसाठी लाल दोरा बांधलेला आहे. बाबांनी घाईत हेडफोन उलटा घातला. लाल दोरा डाव्या कानावर. "बोलके, बिघडली गं पुन्हा. डावीकडे तर काहीच नाही." ती सांगायला पुढे झाली की बाबा, उलटा घातलाय. आणि मध्येच थांबली.

खोट माझ्यात असती, तर ती वाढवलेल्या आवाजानं भरून निघाली होती; मग हेडफोन उलटा घातला तरी दोन्हीकडे सारखंच यायला हवं होतं. तसं आलं नव्हतं. खोट बाबांच्या डाव्या कानातच होती.

"बघते," ती म्हणाली. तिनं हेडफोन काढला, सरळ करून परत त्यांच्या डोक्यावर ठेवला. "आता?"

"आता झकास. काय केलंस?"

"काही नाही."

त्याच संध्याकाळी तिनं मला झाकण उघडून बजावलं. मी ऐकलं. आम्ही दोघी गप्प बसलो.

मात्र एकदा कळल्यावर तिला सगळीकडे तेच दिसायला लागलं. जेवताना आई बाबांच्या डाव्या बाजूला बसते. काही विचारते, उत्तर येत नाही. "भिंतीशी बोलावं नि तुमच्याशी बोलावं, सारखंच," आई परवा म्हणाली, तेही त्यांना कळलं नाही. आई ताट उचलून आत गेली. आईला वाटतं, ते ऐकून न ऐकल्यासारखं करतात. बोलकीचा घास हातातच राहिला. एक वाक्य बोलली असती तर आईचं मन हलकं झालं असतं. पण त्या वाक्यानं बाबांचं काय होईल, ते तिला माहीत नव्हतं. ज्या माणसाला सगळे कानासाठी हाक मारतात, त्याचा कान गेला, हे त्याला कोण सांगणार? वर्गात हजेरी देतानासुद्धा बोलकीचा आवाज पुढच्या बाकापर्यंत पोहोचत नाही.

काल बाबा उशिरा आले. यंत्राचं एक बेअरिंग जाम होऊन रोलर अडकला होता, छापलेला अर्धा माल वाया गेला होता. सकाळीच त्यांनी स्क्रूड्रायव्हर लावून ऐकलं होतं आणि सांगितलं होतं, काही नाही, चालू द्या. कुणी त्यांना बोललं नाही. तेच त्यांना जास्त लागलं.

"लक्ष नव्हतं माझं," ते आईला म्हणाले. "दुसरं काय? कान तर ठणठणीत आहेत. हिच्या डबीतलं गाणं दोन्हीकडे सारखं ऐकू येतं मला."

आणि त्यांनी मला कुरवाळलं. माझ्या पत्र्याला असा चटका सोल्डरनंही बसला नव्हता. बोलकी उठून गॅलरीत गेली आणि वाळलेले कपडे उगाच पुन्हा दोरीवर टाकत बसली.

आज शाळेतून आल्या आल्या तिनं मला उघडलं. वाढीव आवाजाचा रेझिस्टर काढला आणि पहिला, जुना, पुन्हा जागेवर बसवला. जोड चांगला झालाय. आता मी पुन्हा सरळ आहे. संध्याकाळी बाबा हेडफोन लावतील आणि म्हणतील, डावीकडे जरा कमी. त्यानंतर तिला बोलावं लागेल. वाक्य तिनं तयार केलंय, दुपारपासून मलाच ऐकवतेय. बाबा, डबीत काही बिघाड नाही, कधीच नव्हता, आपण कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ या. "कानाच्या"पाशी दर वेळी तिचा आवाज बसतो. मग ती पुन्हा सुरुवातीपासून म्हणते. बसायचं कुठे, तेही ठरलंय. त्यांच्या उजव्या बाजूला.

वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरातही असेल कुणी, ज्याच्यासाठी तुम्ही हळूच आवाज वाढवून ठेवला असेल. मी तुम्हाला नावं ठेवणार नाही. मला स्वतःला ते गाणं गोड लागत होतं. फक्त एवढी विनंती, की आमचं हे तिच्याआधी कुणी त्यांना सांगू नका. तिला सांगू द्या. तिचं पहिलंच मोठं वाक्य आहे ते.

नळ वाहतोय. बाबा हात धुतायत. शाई निघायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात शेवटचं सांगून घेते, की इतके दिवस मी जे देत होते ते प्रेमानंच देत होते, पण प्रेमानं दिलं म्हणून ते खरं होत नाही, आणि आज जर त्यांनी मला दोष दिला, तर मी तो...

"बोलके, आण गं ती डबी."