दोन बोटं चालतील एवढं घर

मी एका घराचा नमुना. पुठ्ठ्याचा आहे, परातीएवढा आहे. खरं घर माझ्यानंतर वर्षभराने उभं राहिलं, म्हणून मी स्वतःला त्याचा थोरला भाऊ मानतो.

माझा जन्म बडोद्याचा. पाणीगेटजवळच्या एका भाड्याच्या बिऱ्हाडात, त्र्याण्णव साली, मृदुलाने मला घडवलं. ती एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायची. उमेदीची सगळी वर्षं दुसऱ्यांची घरं काढण्यात गेलेली. त्या साली पहिल्यांदा तिला स्वतःच्या घराचा नकाशा काढायला मिळाला. नवरा जयवंतराव कारखान्यात इंजिनिअर, गोत्रीकडे प्लॉट घेतलेला. घरात सगळे खुशीत होते. सासरे सोडून.

सासरे विश्वासराव रेल्वेत गार्ड होते. निवृत्तीनंतर काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. पण त्या बिऱ्हाडात ते काठीशिवाय वावरत. माठ, खुंटीवरचा पंचा, जिन्याचा कठडा, सगळं हाताच्या सवयीचं.

मृदुलाने नकाशा त्यांच्यापुढे पसरला. त्यांचा हात धरून कागदावर ठेवला. "बाबा, ही तुमची खोली. छान हवेशीर आहे."

त्यांनी तळहात फिरवला. "मला तर सगळं सपाटच लागतंय गं." मग म्हणाले, "तुम्ही जा. मी आणि ही इथेच राहतो. इथे मी आंधळा नाही, मृदुला. तिथे गेलो की होईन."

जयवंतरावांनी समजावलं, मग आवाज चढवला. उपयोग झाला नाही. मृदुलाने नकाशाची गुंडाळी केली, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना रावपुऱ्यातून जाड पुठ्ठा, कटर आणि गोंद घेऊन आली.

नकाशातली एकेक रेघ तिने मापाने पुठ्ठ्यावर उतरवली आणि प्रत्येक रेघेवर भिंत उभी केली. इतके दिवस मी कागदावर नुसता पडून होतो. उभं राहण्यातलं सुख मला तेव्हा कळलं. खिडक्यांना तिने पारदर्शक प्लॅस्टिक लावलं, वर गच्ची बसवली, गच्चीला कठडा केला. मी फार देखणा दिसत होतो. थोडा शेफारलोही होतो.

तिने मला विश्वासरावांच्या मांडीवर ठेवलं. त्यांची बोटं माझ्या गच्चीवरून फिरली, कडेने खाली उतरली.

"खोकं कसलं? पेढे आणलेत का कुणी?"

सासूबाई, कमळाबाई, पदर तोंडाला लावून हसल्या. मृदुलाचा चेहरा पडला, पण क्षणभरच. तिने कटर घेतला आणि माझी गच्ची उचकटून काढली. लागलं मला, खोटं कशाला बोलू?

"आता बघा बाबा. हे दार. या आत."

त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं दारात उभी केली, माणसाच्या पायांसारखी. बोटं चालू लागली. "हा दिवाणखाना. ऐसपैस आहे की! ही पायरी? एकच ना? बरं. ही माझी खोली... संडास लागूनच, हे बेस केलंस." बोटं भिंत धरून वळत होती, अडखळत होती, परत फिरत होती. मग त्यांनी विचारलं, "आणि स्वयंपाकघर?"

"तुमच्या पलंगामागच्या भिंतीपलीकडे. फोडणीचा धूर तुम्हाला नको म्हणून दार मागून घेतलंय."

"धुराचं सोड गं. हिचा आवाज कसा यायचा? हिच्या बांगड्या वाजतात, ही झाकणं आपटते, त्यावरून मला कळतं मी कुठे आहे."

"मी झाकणं आपटते?" कमळाबाई म्हणाल्या.

"आपटतेस. आपटत जा."

"आता बदल नको हं," जयवंतराव म्हणाले. "कंत्राटदार रमणभाईंनी पायासुद्धा खणलाय."

"भिंत हलवत नाहीये मी," मृदुला म्हणाली आणि तिने माझ्या त्या भिंतीत एक चौकोन कापला. छोटीशी खिडकी झाली.

कमळाबाई वाकल्या. माझ्या स्वयंपाकघराला तोंड लावून हळूच म्हणाल्या, "अहो, चहा घेणार?"

विश्वासरावांनी पलीकडून कान लावला.

"घेणार," ते म्हणाले. "साखर जरा जास्त घाल. नव्या घरातला पहिला चहा आहे."

पुढे रमणभाई मला बघून गुजरातीत वाखाणत म्हणाले, "बेन, आ तो बहु सरस!" भिंतीतल्या खिडकीसाठी ते अधूनमधून माझ्यात डोकावून जात. विश्वासराव मात्र रोज माझ्यातून फिरायचे. संध्याकाळी लोक कमाटीबागेत फिरायला जातात, तसे.

वास्तुशांतीच्या दिवशी त्यांनी काठी दाराशी ठेवली. सगळे बाजूला सरकले. पायरी चढले, खोलीत जाऊन पलंगाला हात लावून आले, मागे वळून जेवणघरातून चालले, आणि धाडकन आदळले.

"मृदुला! इथे काय आहे?"

"फ्रिज, बाबा."

"मग तो नमुन्यात का नव्हता?"

त्याच दिवशी तिने काडेपेटीचा फ्रिज करून माझ्यात चिकटवला.

त्या घरात ते आठ वर्षं राहिले, शेवटपर्यंत. मृदुलाच्या ऑफिसात आता कॉम्प्युटर आलाय. पडद्यावर घरं गोल फिरतात, आतून-बाहेरून दिसतात. ती ते काम फार सुरेख करते. पुठ्ठा कापायची वेळ तिच्यावर क्वचितच येते. मी विश्वासरावांच्या खोलीत कपाटावर असतो.

यंदा दिवाळीच्या साफसफाईत तिने मला खाली काढलं. रोजच्या बोटांनी दारापासून खोलीपर्यंत, तिथून खिडकीपर्यंत एक काळसर वाट पडली होती. तिने पांढरा रंग आणि कुंचला आणला.

कमळाबाईंनी तिचा हात धरला. "राहू दे. त्यांची चालायची वाट आहे ती."

आता माझे कोपरे उकललेत, एका बाजूने कलतोय. तुम्ही कधी आलात तर धूळ झटका, डिंकाचा थेंब लावलात तरी चालेल. फक्त त्या वाटेला ओलं फडकं लावू नका.