गाडी कोण बघणार

"मागे बस, ऐसपैस होईल," असं म्हणून हे मागचं दार उघडून उभे राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्यासाठी यांनी दार उघडलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

"मी काय पाहुणी आहे?" मी म्हटलं आणि पुढचं दार ओढलं.

"थांब, आधी पाय पूस." गाडीच्या प्रत्येक दाराच्या पायरीवर बारदानाचा तुकडा अंथरलेला होता. यांच्या गाडीत पाय न पुसता कोणी चढलेलं नाही. मी मुकाट्याने पाय पुसले आणि यांच्या शेजारी जाऊन बसले.

गाडी मालकाची, हे तिच्यावर ड्रायव्हर. सकाळी प्रवासी घ्यायचे, जंगलातून तळ्यापर्यंत न्यायचे, संध्याकाळी आणून सोडायचे. सगळी हयात याच रस्त्यावर गेली. उद्यापासून नोकरी संपणार, म्हणून मालकाने एक दिवस गाडी दिली. "बायकोला फिरवून आण," म्हणाला. यांनाही हे सुचायचं, नाही असं नाही. पण दरवेळी "आत्ता सीझन आहे, पुढच्या वर्षी नक्की." पुढचं वर्ष येईपर्यंत माझे गुडघेच कामातून गेले. तरी मी निघाले. म्हटलं, एकदा तरी या माणसाबरोबर त्या पाण्याकाठी बसायचं. दुसरं काही मागितलं नव्हतं.

गाव मागे पडलं आणि झाडी सुरू झाली. उंच सरळ झाडं, खाली ओला पाचोळा, मधूनच एखादं छोटं तळं चमकून जायचं. मला थांबून बघायचं होतं. पण हे थांबायचे ते ठरलेल्या जागीच.

"डावीकडे बघा," हे एकदम म्हणाले. "सकाळी हरणं येतात पाण्यावर."

"बघा काय? मी शेजारी बसलेय तुमच्या."

"सवय गं."

पुढे तेही बंद झालं. घरी काय बोलायचं ते यांना कधी कळलं नाही, इथेही कळेना. शेवटी घाट चढताना पुन्हा सुरू झाले, "आता मोठं तळं. काचेसारखं पाणी, समोर डोंगर. जन्मात एकदा तरी बघावं असं." हे ऐकून मी खरंच हरखले. म्हातारपणी माणूस हरखतं, तेव्हा त्याचं त्यालाच हसू येतं.

गाडी थांबली. मी उतरून कठड्यापाशी गेले आणि खाली बघितलं. पायऱ्या. मातीत खणलेल्या, उंच, वळत वळत झाडीत गेलेल्या. पाणी कुठे दिसतच नव्हतं.

"तुम्ही तर म्हणालात, चार पायऱ्या आहेत."

"असतील की. लोक जातात, येतात."

"असतील म्हणजे? तुम्ही कधी खाली गेला नाहीत?"

यांनी फडकं काढलं आणि काच पुसायला लागले. काच स्वच्छच होती. "ड्रायव्हर कशाला जाईल खाली? गाडी कोण बघणार?"

मला हसावं की रडावं कळेना. जन्मभर लोकांना तळं दाखवणाऱ्या माणसाने तळं बघितलेलं नव्हतं. आणि मी? घरी बसून त्या न बघितलेल्या तळ्याची वाट बघत होते.

"माझ्याने हे उतरवायचं नाही," मी म्हटलं. "तुम्ही जा. आज गाडी मी बघते. नीट बघून या आणि मला सांगा."

"राहू दे गं."

"जा म्हणते ना. माझ्यासाठी जा."

गेले. पायऱ्यांच्या वळणावर दिसेनासे झाले. मी गाडीला टेकून उभी राहिले. खालून माणसं हसत-बोलत वर येत होती. बुटांना घोट्यापर्यंत काळा चिखल. एक बाई मला म्हणाली, "काठावर फार चिखल आहे हो, पण बघायलाच हवं." मी मान हलवली. म्हटलं, आमचे हे गेलेत बघायला. सांगताना थोडा अभिमानही वाटला, खोटं कशाला बोलू?

बऱ्याच वेळाने हे वर आले.

"कसं होतं?"

"काय सांगू तुला. काचेसारखं पाणी. समोर डोंगर. जन्मात एकदा तरी बघावं असं."

मी यांच्या पायांकडे बघितलं. सकाळी पॉलिश केलेले बूट तस्सेच होते, चिखलाचा एक ठिपका नाही. वळणाखाली कुठे तरी बसून राहिले असतील. कोणाच्या तरी चहाचा वास येत होता तोंडाला.

भांडले असते, पण कशासाठी? तळं गेलं खड्ड्यात. या माणसाला माझ्यासाठी तेवढं उतरवलं नाही आणि खोटं बोलायलाही नवे शब्द सापडले नाहीत, हेच जिव्हारी लागलं.

हे पुढचं दार उघडायला गेले. मी मागचं उघडलं. माझे पाय स्वच्छ होते, तरी बारदानावर पुसले आणि आत जाऊन बसले. यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. स्टिअरिंगमागे बसून आरसा जरा सारखा केला.

"बसलात ना सगळे?" यांनी सवयीने विचारलं.

"हो, बसलो," मी म्हटलं.